लोकवर्गणीतून सावरलेला जलतरण तलाव : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा सार्वजनिक तलाव नागरिकांच्या समितीने वर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर पुन्हा सुरू केला, त्याला आता आठ महिने झाले. आठवड्यातून चार-पाच दिवस मी तेथे पोहते. सुरुवातीला अनेकांची निराशा झाली होती, कारण तलाव दिसायला होता तसाच होता. फरशा जुन्याच होत्या आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांना रंगही दिलेला नव्हता. मात्र जमलेला बहुतेक पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांवर खर्च करण्याचा समितीचा निर्णय योग्यच होता, असे माझे आज ठाम मत आहे.

गळती किती आहे, हे समितीने अगदी साध्या रीतीने शोधले. पंप बंद करून तलावाच्या दुसऱ्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि आतल्या व बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी अर्धा सेंटिमीटर उतरले होते, तर तलावातले दीड. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखेच, म्हणजे उरलेला एक सेंटिमीटर गळतीचा. २५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३,१२५ लिटर पाणी, आणि तेही रोज! हा आकडा ऐकल्यावर नव्या फरशांचा आग्रह धरणारेही जलवाहिन्या बदलायला तयार झाले. भूजलाची पातळी उतरेपर्यंत काम थांबले, तेव्हा कुरकुर झालीच. पण रिकामा तलाव खालच्या पाण्याच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो, हे समजावून सांगण्यात समितीने कसूर केली नाही.

पहिल्या दीड महिन्यात पाण्याला उग्र वास येत असे आणि डोळे चुरचुरत. क्लोरिन जास्त झाले, अशी सर्वांची तक्रार होती. प्रत्यक्षात तो वास घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करण्याचा नियम कडकपणे पाळला जाऊ लागला, तसा वास ओसरला. आता फळ्यावर दिवसातून तीनदा मुक्त क्लोरिन (असा संयोग न होता पाण्यात उरलेले क्लोरिन) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) यांची नोंद होते. पीएच ८ वर गेला की क्लोरिनचा जेमतेम पाव भाग जंतुनाशक रूपात उरतो, त्यामुळे मी पाण्यात उतरण्याआधी तो आकडा पाहतेच. गाळणीतली वाळू बदलल्यापासून खोल बाजूच्या तळावरची काळी रेघ काठावरूनही स्वच्छ दिसते; पूर्वी ती पाण्यात डोके घातल्यावरही पुसट वाटे. जीवरक्षकाला तळ दिसणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

उणिवा आहेत. कपडे बदलण्याच्या खोल्यांत हवा खेळत नाही. फळ्यावरच्या नोंदींचा भार तीन-चार स्वयंसेवकांवरच पडतो, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. ज्येष्ठांना उभ्या शिडीवरून उतरणे अवघड जाते; माझ्या शेजारच्या लेनमध्ये पोहणाऱ्या एक आजी गुडघेदुखीमुळे दोन महिन्यांपासून येत नाहीत. कठडा असलेल्या रुंद पायऱ्यांची मागणी मी समितीकडे लेखी दिली आहे आणि पुढच्या दुरुस्तीच्या कामांत ती नोंदवली गेली आहे.