अमेरिकेत काचबिंदूचे थेंब आधीच संपले तर: ३० दिवसांचं रीफिल, ९० दिवसांचं की रोखीने?

लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांच्या २.५ मिलीच्या बाटलीतून साधारण ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक, म्हणजे महिन्याला ६०. पण हात थरथरतो, थेंब गालावर ओघळतो आणि बाविसाव्या दिवशीच बाटली कोरडी. फार्मसीच्या काउंटरवर उत्तर मिळतं ‘रीफिल टू सून’, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घ्यायची वेळ अजून आलेली नाही; हा विम्याचा नकार क्रमांक ७९.

हा नकार अंतिम नसतो. सीएमएस या मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये मेडिकेअर पार्ट डीच्या (मुख्यतः ज्येष्ठांचा औषधविमा) प्लॅनना डोळ्यांच्या थेंबांसाठी ७० टक्के दिवस उलटल्यावर रीफिल देण्याची मुभा दिली. अनेक राज्यांचे कायदेही याच धर्तीचे आहेत. ३० दिवसांच्या औषधाला २१वा दिवस, ९०च्या औषधाला ६३वा. आणि मोजायचं मागच्या बिलाच्या तारखेपासून, बाटली उघडल्यापासून नव्हे. नोकरीची कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल, तर राज्याचा कायदा त्या विम्याला लागत नाही. तिथे कार्डामागच्या नंबरवर फोन करा.

औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा बदलण्याची शक्यता असेल, तर ३० दिवसांचंच घ्यावं. मात्र गोम ‘डेज सप्लाय’मध्ये, म्हणजे औषध किती दिवस पुरेल म्हणून फार्मसी नोंदवते त्या आकड्यात असते. फार्मासिस्टने ८० थेंब भागिले दोन असं करून ४० दिवस टाकले, तर तुमचा २१वा दिवस २८वा होतो. आकडा विचारा, खटकला तर डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. चिठ्ठीवर रीफिल शिल्लक नसेल, तर ७० टक्क्यांचा नियमही कामाचा नाही.

डोस ठरलेला असेल तर आमचं मत ९० दिवसांच्या बाजूने. पहिली बाटली बाविसाव्या दिवशी संपली तरी दुसरी फ्रिजमध्ये असते. ९० दिवसांच्या तिन्ही बाटल्या अशाच संपेपर्यंत ६६वा दिवस येतो, ६३वा कधीच मागे पडलेला असतो. टपालाने मागवत असाल तर ६३व्या दिवशीच ऑर्डर द्या. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, उघडलेली २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. वाटेत ४० अंशांपर्यंत आठ दिवस चालत असल्याने खोकं कोमट लागलं म्हणून फेकू नका.

रोखीने घेतलं तर विम्याकडे दावाच जात नाही, म्हणून ७९ क्रमांकाचा नकारही नाही. जेनेरिकला हे परवडतं, नव्या ब्रँडेड थेंबांना क्वचितच. शिवाय पार्ट डीमध्ये स्वतःच्या खिशातून करायच्या खर्चाची जी वार्षिक मर्यादा असते, तिच्यात हा खर्च आपोआप धरला जात नाही.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा: व्हिजिटर विमा सहसा जुना आजार धरत नाही, भारतातली चिठ्ठीही इथे सहसा चालत नाही. ९० दिवसांपर्यंतचे थेंब मूळ खोक्यात, चिठ्ठीसह आणावेत आणि पुढच्यासाठी इथल्या डॉक्टरची वेळ आल्याआल्याच घ्यावी.