वल्हवणाऱ्यांच्या गोदामात एक सुतार

आम्ही सिएटलला मुलाकडे तिसऱ्यांदा गेलो तोवर त्याची ‘आईबाबांना दाखवायच्या जागां’ची यादी संपलेली होती. मग सूनबाईंनी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जुन्या शेल हाउसच्या, म्हणजे शर्यतीच्या होड्या ठेवायच्या जागेच्या, फेरीचं बुकिंग केलं. “बाबा, होड्यांच्या टीमचा इतिहास आहे, पण तुम्हाला आवडेल,” म्हणाल्या. त्या ‘पण’मुळे मी थोडा धास्तावलोच. मिरजेच्या माणसाने होड्यांच्या शर्यती बघायच्या त्या सांगलीला कृष्णेच्या घाटावर, भिजत आणि ओरडत. एसीतल्या काचेच्या कपाटांतले चषक बघायला सातासमुद्रापार कशाला जायचं?

तिथे गेल्यावर कळलं की एसी नाही आणि चषकांचा विषयही फारसा नाही. दोन तळ्यांना जोडणाऱ्या कालव्याच्या काठावर एक प्रचंड लाकडी गोदाम आहे. 1918 साली अमेरिकन नौदलाने ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी बांधलं. तेवढ्यात महायुद्ध संपलं, विमानं काही आलीच नाहीत आणि जागा विद्यापीठाच्या वल्हवणाऱ्या पोरांना मिळाली. 1949 पर्यंत सगळा कारभार इथूनच चालला. आत शिरल्यावर बाकीचे लोक भिंतीवरचे फोटो बघायला लागले. मी वर छताच्या कैच्या बघत राहिलो. आयटीआयमध्ये 31 वर्षं सुतारकाम शिकवलंय, मान आपोआप वर जाते.

माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. चांगलं सांगते, घाई करत नाही. गोष्ट सुरू होते हायरम कॉनिबेअर या प्रशिक्षकापासून. 1907 मध्ये तो या टीमवर आला तेव्हा त्याला वल्हवण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. सायकल शर्यती आणि खेळाडूंची तब्येत सांभाळणं, ही त्याची विद्या. मग गड्याने काय करावं? हाडांचा सांगाडा मिळवला, त्याला वल्हवायच्या ढंगात बसवलं आणि कुठला सांधा कधी वाकतो ते बघत बसला. यातूनच पुढे वॉशिंग्टनची वल्हवण्याची स्वतःची पद्धत घडत गेली. अशा माणसाचा शेवट 1917 मध्ये घरच्या प्लमच्या झाडावरून पडून व्हावा, याला काय म्हणायचं.

पण कॉनिबेअरचं खरं मोठं काम मला विचाराल तर एकच. त्याने सुतार बरोबर निवडला. जॉर्ज आणि डिक पोकॉक हे इंग्लंडमधल्या नावाड्यांच्या घरातले भाऊ, वडील ईटन शाळेच्या होड्या बांधणारे. पोटापाण्यासाठी दोघे कॅनडात व्हँकुव्हरला आले होते. 1912 मध्ये कॉनिबेअर त्यांना जाऊन भेटला आणि आठ जणांच्या बारा होड्या हव्यात म्हणाला. पोरं हरखली. मागाहून निरोप आला, पैसे एकाच होडीचे आहेत! हे ऐकल्यावर मी एवढ्या जोरात हसलो की सगळे वळून बघायला लागले. बारा पाटांचं बोलून एका पाटाची बयाणा देणारी गिऱ्हाइकं मिरजेत काय कमी आहेत? फरक एवढाच, की पोकॉक टिकून राहिले. मध्ये काही वर्षं बोइंगसाठी विमानांचे तरंगते पाय बनवले. 1922 पासून जॉर्ज परत होड्यांकडे वळला तो कायमचा. या गोदामाच्या माळ्यावर त्याचं दुकान होतं. खाली पोरं, वर रंध्याचा आवाज.

मी ज्यासाठी ही जागा बघायला सांगतोय ते इथून पुढे. होडी साठ फुटांच्या वर लांब आणि रुंदीला जेमतेम दोन फूट. तिची कातडी म्हणजे तांबड्या सिडारचा पापुद्रा, दोन-अडीच मिलिमीटरचा. ओल्या ब्लँकेटांखाली वाफ देऊन पोकॉक तो पापुद्रा सांगाड्यावर बसवायचा. ओलाव्याने सिडार लांबीत किंचित वाढू बघतो, आतला सांगाडा वाढू देत नाही, त्या ओढाताणीने होडीला एक ताण राहतो, असं त्याचं म्हणणं. मी आधी नाक मुरडलं, कारण लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत फारसं नाही, हे मी पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवायचो. मग वाटलं, साठ फुटांत ‘फारसं नाही’ म्हणजे किती, याचा हिशेब आपण कधी केलाय? आणि आमच्या सतारमेकर गल्लीत तबली, म्हणजे सतारीच्या भोपळ्यावरची लाकडी पाटी, पातळ करताना कारागीर बोटाने टकटक करून ऐकतो, तेही पुस्तकात कुठे लिहिलंय? ही होडी मला तशीच वाटली. आवाजाऐवजी वेग काढायचं वाद्य.

याच होड्यांत बसून सुतारांची, शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची पोरं पूर्वेकडच्या श्रीमंत कॉलेजांना हरवायला लागली. पश्चिम किनाऱ्यावरच्या टीमने राष्ट्रीय अजिंक्यपद पहिल्यांदा जिंकलं ते 1923 मध्ये, आणि ती टीम हीच. 1936 ची बर्लिन ऑलिंपिकची गोष्ट जगाला माहीत आहे. अमेरिकेच्या वतीने तिकडे जायचं तर 5,000 डॉलर तुम्हीच उभे करा, असं सांगण्यात आलं. सिएटलच्या लोकांनी काही दिवसांत ते जमवून दिले. बर्लिनमधल्या ग्रूनाऊच्या पाण्यात सगळ्यांना लय देणारं वल्हं ओढणारा डॉन ह्यूम आजारी, वाट्याला आलेली लेन वाऱ्याची, सुरुवात चुकलेली. शेवटी अमेरिका 6:25.4, इटली 6:26.0, जर्मनी 6:26.4. पहिल्या-तिसऱ्यात एक सेकंद. आमच्या हिने विचारलं, “हिटलर बघत होता का?” बघत होता. हा प्रश्न बहुधा प्रत्येक फेरीत येत असावा. मला मात्र लक्षात राहिलं ते हे, की पोकॉक टीमबरोबर बर्लिनला गेला आणि होडीच्या पोटाला त्याने देवमाशाचं तेल चोळलं. शर्यतीच्या गावी पोचलेला सुतार! आमच्याकडे मखर बसवून झालं की सुताराला चहासुद्धा उभ्यानेच.

1936 नंतरचा भाग तसा भरभर उरकतो. 1958 मध्ये ही टीम इंग्लंडमधल्या हेन्लीच्या शर्यतीत लेनिनग्राडच्या क्लबकडून हरली आणि काही आठवड्यांत मॉस्कोला जाऊन त्याच क्लबला हरवून आली. यावर आणखी अर्धा तास मी आनंदाने ऐकला असता. मुलींचा पराक्रमही लहान नाही. 1997 मध्ये मुलींची राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा पहिल्यांदा झाली ती यांनीच जिंकली, आणि 2017 मध्ये त्या स्पर्धेतल्या तिन्ही शर्यती एकाच वर्षी. आता होड्या कार्बनच्या असतात. त्यावर माझं मत कोणी विचारलं नाही.

जायचं असेल तर: स्वेटर गाडीत विसरू नका, मी विसरलो. पाण्याचा वारा सप्टेंबरातसुद्धा झोंबतो. पायऱ्या-चढ फार नाही, आमच्या वयाला झेपतं. लहान मुलांना कंटाळा येईल, नातू पंधराव्या मिनिटाला बदकांकडे पळाला. बर्लिनला जिंकलेली ‘हस्की क्लिपर’ इथे नाही, ती जवळच्या कॉनिबेअर शेलहाउसमध्ये खेळाडूंच्या जेवणघराच्या छताला टांगलेली आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा माझ्या इंग्रजीने खाल्ला. सूनबाई किती भाषांतर करणार, आणि ‘साल’ला, म्हणजे लाकडी जोडातल्या खाचेला, नेमका इंग्रजी शब्द त्यांना तरी कुठून माहीत?

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन लाकडाच्या दुकानात गेलो आणि सिडारची एक फळी आणली, कुंपणाला लावतात तसली. सागाच्या निम्मंच वजन भरेल. गॅरेजमध्ये रंधा नव्हता, तो मागवला आहे.