काळ्या रबराला रंग द्यावा, की रंगीत रबरच आणावं?

मागच्या पावसाळ्याआधी लेकीच्या काळ्या गमबुटांना पिवळा ऑइल पेंट दिला. वाळल्यावर झकास दिसले. मुंबईत हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून एकदाच शाळेत जाऊन आली आणि घोट्यापाशी, बूट दुमडतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. संध्याकाळी मोज्यात पिवळे पापुद्रे. रंग चांगलाच होता, पण रबर ताणलं जातं आणि वाळलेला ऑइल पेंट ताणला जात नाही.

कापडासारखं रंगात उकळून चालेल का? काळ्या रबराला नाही. त्याचा काळेपणा आत कालवलेल्या कार्बन ब्लॅकचा. काजळीसारखी ही पूड रबराला बळकटी देते, उन्हापासून वाचवते. रंगीत रबरात तिच्याऐवजी सिलिका किंवा चिनी माती घालतात आणि रंगाची पूड साच्यात जाण्याआधीच मिसळतात. तयार वस्तूच्या बाबतीत मग उरतं काय, तर वरून थर देणं किंवा वस्तूच बदलणं.

थर द्यायचाच तर लवचीक रबर कोटिंगचा स्प्रे घ्या. ऑइल पेंटपेक्षा महाग पडतो, पण वाकतो. खरी मेहनत आधीची. ओझोनपासून बचावासाठी बऱ्याच रबरांत मेण घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि रंग धरू देत नाही. म्हणून साबणाने धुवायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. थिनरमध्ये बुडवू नका, रबर फुगतं. काळ्यावर पिवळा हवा असेल तर आधी पांढरा थर, मग पातळ-पातळ तीन-चार. आणि हे मे महिन्यातच उरका. जुलैच्या दमट हवेत थर दुधाळ पडतो.

एवढं करूनही घासलं जाईल तिथून थर जाणारच. दाराची पट्टी, कुंडीखालचे पाय अशा जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंना स्प्रे पुरतो. हँडलची ग्रिप, पायपुसणं, बूट यांना रंगीत नवंच घ्या. सिलिकॉनवर तर साधा कुठलाच रंग टिकत नाही.

आईच्या काठीचं बूच आणि गाडीच्या ब्रेकची नळी मात्र कधीही रंगवू नका. बूच घसरतं, नळीच्या भेगा रंगाखाली झाकल्या जातात.

रंगीत शीट किंवा पट्टी हवी असेल तर जुना तुकडा खिशात घालून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात जा. जाडी तोंडी सांगून जमत नाही.