एकाच ट्रेमधलं मासळीचं जेवण: रावस घ्यावा की बासा?

खाली भाज्या आणि शिजवलेली चवळी, वर मसाला लावलेला मासा, आणि सगळा ट्रे एकदमच ओव्हनमध्ये. कामाच्या दिवशी रात्री याहून सोपं मासळीचं जेवण मला तरी माहीत नाही. प्रश्न फक्त मासा कोणता घ्यायचा याचा. आमच्याकडे रावसही होतो आणि बासाही, म्हणून या दोघांबद्दलच लिहितो. सुरमई मुद्दाम बाजूला ठेवली आहे. तव्यावर तिला तोड नाही, पण ओव्हनच्या कोरड्या धगीत तिच्या तुकड्या लवकर घट्ट होतात.

बासाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. काटा नाही, साफ करायची कटकट नाही, वर्षभर मिळतो आणि रावसापेक्षा बराच स्वस्त पडतो. घरात लहान मूल असेल, किंवा काट्याच्या भीतीने मासे सोडलेलं वयस्कर माणूस असेल, तर हे सगळं फार मोलाचं. पाच मिनिटं जास्त राहिला तरी कोरडा पडत नाही, हेही खरं. तळ्यात वाढवलेला गोड्या पाण्यातला मासा हा. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातून येतो, आपल्याकडे आंध्रातही त्याची शेती होते. स्वतःची चव बेताची, त्यामुळे लावाल त्या मसाल्याचा होऊन जातो.

माझं घोडं अडलं ते पाण्यावर. गोठवलेला मासा सुकू नये म्हणून त्यावर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. तो वितळून गेला की काम संपलं असं वाटतं, पण मांसातही भरपूर पाणी असतं आणि ते नेमकं ट्रेमध्ये सुटतं. नुसता मासा भाजायचा असता तर ते पाणी ओतून देता आलं असतं. इथे खाली चवळी, कांदा, सिमला मिरची, फरसबी असते. भाज्यांच्या कडा छान करपायला लागलेल्या असतात, आणि मासा वर ठेवल्यावर दहा मिनिटांत त्या पांढुरक्या पाण्यात उकडायला लागतात. मसाला फिक्का होतो, चवळी पचपचीत लागते. घरगुती ओटीजी लहान असतो, वाफ आतच कोंडते, त्यामुळे हा त्रास आणखी जाणवतो. मोठ्या, पंख्याच्या ओव्हनमध्ये कदाचित इतका होत नसेल.

एका ट्रेच्या जेवणात माशातून जे खाली उतरतं तोच खालच्या कडधान्याचा रस्सा असतो. रावस इथे जिंकतो, निदान माझ्या जिभेला तरी. त्याच्यातून पाणी कमी आणि तेल जास्त सुटतं. ते आलं-लसूण, हळद, तिखट घेऊन चवळीत मुरतं, आणि खालची चवळी माशाइतकीच आवडीने खाल्ली जाते. आमच्याकडे ट्रेचा तळ भाकरीने पुसून घेतात.

कोळीणमावशींना मधला काटा काढून, कातडी ठेवून द्यायला सांगावं. बारीक काटे तरीही बोटांनी चाचपून काढावे लागतात. बासापुढे एवढी मेहनत जास्त आहे. डोकं आणि काटा मात्र मागून घ्या, दुसऱ्या दिवशीचं कालवण त्यातच होतं. तसा हिशेब केला तर भावातला फरक थोडा बोथट होतो, पूर्ण मिटत नाही.

चवळी आधी मऊ शिजवूनच घ्यावी, ओव्हनमध्ये ती शिजत नाही. टोमॅटो किंवा कोकमाचं आगळ शिजवताना घालू नये, आंबटाने दाणा कडक राहतो. थंडीत ताजे पावटे मिळतात तेव्हा मी तेच घेतो. राजमा घेणार असाल तर आधी खळखळून उकळून पूर्ण शिजवलेलाच हवा. भाज्या आणि चवळीला तेल, मीठ चोळून 200 अंशांवर वीसेक मिनिटं, मग रावस कातडी वर करून 12 ते 15 मिनिटं. काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की लगेच बाहेर काढा. लिंबू त्यानंतर.

1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. तेव्हा मनासारखा ताजा रावस मिळणं अवघड आणि भावही चढलेले, म्हणून त्या दिवसांत मीही बासा आणतो. आदल्या रात्री फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवून वितळू देतो, मीठ लावून पंधरा मिनिटांनी सुती फडक्यात दाबून घेतो. टोमॅटो वगळतो, आंबटपणासाठी चिंचेचा घट्ट कोळ माशालाच लावतो, आणि चवळी शिजली की निथळून ताटात पसरून कोरडी करतो. एवढं केलं तर भाज्या बऱ्यापैकी भाजल्या जातात.