छाया कदम: आसरा देणाऱ्या बायका

२०२४ मध्ये 'लापता लेडीज' आला आणि जो तो त्यातल्या मंजू माईबद्दल, म्हणजे ते काम करणाऱ्या अभिनेत्री छाया कदमबद्दल बोलायला लागला. ही बाई कोण, कुठून आली वगैरे. आपल्याकडे तर 'फँड्री'तल्या जब्याच्या आईपासून छाया कदम माहितीये. तिचे साइड रोल लागोपाठ बघितले की एक गोष्ट जाणवते, तिच्या वाट्याला सारखं एकच काम येतं, घर सुटलेल्या पोरीला आसरा द्यायचं.

'सैराट'मध्ये सुमन अक्का हैदराबादच्या वस्तीत डोसे विकते आणि आर्ची-परश्याला गुंडांच्या तावडीतून सोडवून खोली देते. 'न्यूड'मध्ये गावाकडून पळून आलेली यमुना मुंबईत हिच्याकडेच येते, आणि ही अक्का (इथे चंद्राक्का) जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसते हे तिला नंतर कळतं. 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवरची टपरी. कागदावर तिन्ही बायका सारख्याच वाटतील पण पडद्यावर एकीची दुसरीला आठवणसुद्धा येत नाही, आणि कुणीही देवी होऊन बसत नाही. मंजू माई स्टेशनवर हरवलेल्या नव्या नवरीला, फूलला, आधी नीट जवळसुद्धा करत नाही, नवऱ्याला आणि मुलाला घरातून हाकललं ते सांगते त्यातही रडारड नाही. मग फूलने केलेला कलाकंद विकला जातो आणि माई तिच्या कमाईचे पैसे तिच्या हातावर ठेवते, तो सीन मला त्या पिक्चरमधला सगळ्यात भारी वाटतो. माईचे काही डायलॉग सरळसरळ भाषण आहेत, दुसऱ्या कुणी म्हटले असते तर कंटाळा आला असता. छायाबाईंच्या तोंडी ते टपरीवरचंच बोलणं वाटतं.

पण खरी कमाल 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. पार्वती मुंबईत हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करते, नवरा गेलाय, इतकी वर्षं राहिली त्या घराचा धड कागद हातात नाही आणि बिल्डर उठवतोय. म्हणजे इथे आसरा हिचाच जातो! रात्री ती आणि त्याच हॉस्पिटलातली नर्स प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डावर दगड मारतात तेव्हा पार्वती अशी खुलते की बघतच राहावं, राग आणि मजा दोन्ही एकदम. पुढे ती रत्नागिरीकडे गावी परतते, तिथे दारू पिऊन अनूबरोबर (प्रभासोबत राहणारी तरुण नर्स) नाचते, आणि कुठेही बिचारी वाटत नाही. या पिक्चरला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. छायाबाईंना फिल्मफेअर मिळालं ते मंजू माईसाठी, मिळालं ते चांगलंच झालं पण माझ्या हातात असतं तर पार्वतीला दिलं असतं.

चांगुलपणाचा कंटाळा आला तर 'अंधाधुन' बघा, त्यातली लॉटरी विकणारी सखू पैशासाठी कुठल्या थराला जाते ते बघून हीच ती अक्का यावर विश्वास बसत नाही. 'मडगाव एक्सप्रेस'ची कंचन कोंबडी धमाल आहे पण रोल तेवढ्यापुरताच.

तक्रार एकच आणि ती लिहिणाऱ्यांबद्दल, हिला कायम वस्तीत, टपरीवर नाहीतर चाळीतच का बसवता? एखादी कलेक्टर, हेडमास्तरीण, वकीलबाई लिहा की हिच्यासाठी. आणि मोठा रोल बघायचा तर मालवणी 'रेडू' बघा, शशांक शेंडेच्या जोडीला आहे. नवीन बघणाऱ्यांनी 'सैराट'पासून सुरुवात करा, तो पाठ असला तरी यावेळी फक्त सुमन अक्काकडे लक्ष ठेवा.