जुन्या सीएनसीसाठी सिरियल पोर्टचं कार्ड: चार महिन्यांचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. जुन्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणक-नियंत्रित (सीएनसी) मिलिंग मशीनवर, प्रोग्राम चढवायला आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीशिवाय मार्ग नाही, आणि नव्या पीसीला सिरियल पोर्ट मिळत नाही. म्हणून साडेसोळाशे रुपयांचं दोन पोर्टांचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घेतलं.

पहिल्याच दिवशी अलार्म ८५, म्हणजे आलेला डेटा मशीनला नीट वाचता आला नाही. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) हा आला की आधी दोन्हीकडची सेटिंग बघायची. पीसीवर वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) नाही. मशीन मागतंय ४८००, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. जुळवलं, ८५ गेला.

मग ८७ सुरू झाला, आणि त्याने दोन दिवस खाल्ले. लहान प्रोग्राम व्यवस्थित जायचे, मोठा मध्येच तुटायचा. केबल पुन्हा सोल्डर केली. पीसीकडच्या प्लगात २ आणि ३ नंबरच्या पिना जोडून पाहिल्या. टाइप केलेलं सगळं परत येत होतं, म्हणजे कार्ड ठणठणीत. विक्रेता बिचारा बदलून द्यायला तयार होता, पण बदलून तेच झालं असतं.

कारण कार्डाच्या बफरमध्ये, म्हणजे पाठवायची अक्षरं साठवणाऱ्या छोट्या मेमरीत होतं. मशीनचा स्वतःचा बफर भरत आला की कंट्रोल ‘थांब’ असा एक्सऑफ सिग्नल पाठवतं आणि त्यानंतर फार तर दहा अक्षरं सोसतं, जास्त आली की ८७. पीसीवरचं सॉफ्टवेअर लगेच थांबतं, पण कार्डाच्या पोटात आधीच गेलेली अक्षरं बाहेर पडतच राहतात. या कार्डाचा ट्रान्समिट बफर १२८ अक्षरांचा! डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगला जाऊन तो सगळ्यात खाली, १ वर आणला. त्या दिवसापासून ८७ एकदाही नाही. मोल्डचे लांबलचक प्रोग्रामही रात्रपाळीत बिनतक्रार चढतात.

एवढी गोष्ट कार्डासोबतच्या कागदावर असायला हवी होती. जुन्या मशीनवाल्यांनाच हे कार्ड लागतं, मग त्यांच्या अडचणीबद्दल एक ओळ तरी छापा. दुसरी उणीव म्हणजे ऑप्टो आयसोलेशन (पीसी आणि मशीन विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवणारी सोय) नाही. आमचा आधीचा पोर्ट मशीन चालू असताना केबल खोचल्यामुळे गेला, म्हणून आता दोन्हीकडचा पॉवर बंद केल्याशिवाय मी कुणाला प्लगला हात लावू देत नाही. पीसीचं अर्थिंगही मशीनच्याच पॅनेलवरून घेतलंय.

या किमतीत कार्ड घेण्यासारखं आहे. दुसऱ्या पोर्टावर पुढच्या महिन्यात लेथ जोडतोय. तिची केबल अकरा मीटर भरते, आरएस-२३२ साठी धरतात त्या पंधरा मीटरच्या मर्यादेच्या आत.