पूर बचाव स्वयंसेवक ट्रेनिंग, 3 दिवस, सांगली : 5 पैकी साडेतीन

मे महिन्यात केलं हे ट्रेनिंग, शुक्र-शनि-रवी, फी 500 रुपये, नाश्ता-जेवण त्यातच. संस्थेचं नाव घेत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत.

पहिला दिवस निम्मा पीपीटीत गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका हे सांगलीकराला काय शिकवताय राव, 2019 ला 57 च्या वर गेलेलं आम्ही माळ्यावर बसून काढलंय. दुपारचं सीपीआर (हृदय बंद पडलं की छाती दाबायची ते) मात्र झकास, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 सेंटीमीटर खोल, ऐकायला सोपं वाटतं पण त्या पुतळ्यावर दोन मिनिटांत माझे दंड भरून आले.

दुसऱ्या दिवशी घाटावर दोर फेकायला लावला. बुडणाऱ्याला आधी काठावरनं काठी द्यायची, नाहीतर दोर, मग बोट, आणि स्वतः उडी अगदी शेवटी. मी तीनदा दोर माणसाच्या अंगावर नेम धरून फेकला, तीनदा अलीकडंच पडला. सर म्हणाले, डोक्यावरनं पलीकडं टाका, मग दोर आपोआप त्याच्या हातात येतो. चौथ्यांदा बरोबर पलीकडं गेला पण आपल्याकडचं टोक धरायचं राहिलं आणि पिशवीसकट सगळा दोर कृष्णेत. लय हसले सगळे.

तिसऱ्या दिवशी मॉक ड्रिल, आणि पैसे वसूल झाले ते इथंच. एक काकू पूरग्रस्त आजी झालेल्या, त्यांनी सरळ पायरीवर बसकण मारली, "माझी म्हस सोडून म्या येत न्हाई." आम्ही चौघं दहा मिनिटं विनवण्या करतोय, तोवर मागनं सातआठ पोरं बोटीच्या एकाच बाजूला चढली. सरांनी शिट्टी मारून सगळं थांबवलं आणि फक्त एवढंच विचारलं, ब्रह्मनाळला बोट कशी उलटली माहितीय ना? सगळे गपगार, 2019 च्या पुरात त्या गावात बोट उलटून माणसं बुडालेली. मग एकाला खाली उतरवून आजीशी बोलायला ठेवलं, म्हस कुठं बांधलीय ते विचारलं, तिचं दावं सोडून देतो म्हटल्यावर आजी उठल्या.

आता तक्रारी. तीस माणसांना बारा लाईफ जॅकेट, त्यातल्या तीन जॅकेटांची बकलं तुटलेली, आणि मांडीखालनं घ्यायचा पट्टा कशाला असतो हे विचारल्याशिवाय कुणी सांगितलं नाही (तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं). सगळं दिवसाढवळ्या, मेमधल्या शांत पाण्यात. आमच्याकडं पाणी रात्री दोनला शिरतं आणि तेव्हा लाईट गेलेली असते, मग एक तरी ड्रिल अंधारात घ्यायला काय हरकत होती? सर्टिफिकेट पण अजून नाही, फोन केला की प्रिंटिंगला गेलंय.

तरी जावा. आमच्या गल्लीत चौघांनी वर्गणी काढून 20 मीटर दोर आणलाय, रविवारी सकाळी घाटावर फेकून बघतो, चारातला एक माझा अजून अलीकडंच पडतो.